देवाच्या खड्ड्यात पाय

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, तुला राग यायला कारण लागत नाही, फक्त वेळ लागतो. तर त्या दिवशी वेळही होता आणि कारणही होतं. आषाढातला शेवटचा रविवार. श्रावण दोन दिवसांवर आलेला, म्हणजे मग महिनाभर मासळी बंद. आणि आमच्या दारात बसणारी कोळीण मावशी टोपलीतून चिमूटभर कोलंबी दाखवत होती.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या बाजूला आमची तीन मजली सोसायटी. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मावशी पश्चिमेच्या खाडीवरनं चालत यायची, फाटकाशी टोपली उतरवायची आणि वर बघून हाक मारायची. मी खाली गेले आणि सुरू झाले. "अहो मावशी, आजच्या दिवशी एवढीच? आम्ही काय वास घेऊन जेवायचं का?"

मावशीही काही कमी नव्हती. "मासली कुठनं येल ताय? जाला टाकला का तुमचं देव वर येतान," असं म्हणत तिने टोपलीवर झाकण म्हणून घातलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या पुढ्यात आपटली. साडीच्या दुकानाची लाल पिशवी. तिच्या तोंडाला हिरव्या काठाची चिंधी बांधलेली. तो काठ माझ्या पहिल्या दिवाळसणाच्या साडीचा होता. ती साडी फाटल्यावर सासूबाईंनी तिच्या पट्ट्या करून ठेवल्या होत्या, आणि निर्माल्याच्या पिशव्या त्या पट्ट्यांनीच बांधायच्या. म्हणजे भांडायला गेले मी आणि मुद्देमाल निघाला माझ्याच घरचा!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाला वाहिलेली फुलं सुकली की ती केरात टाकायची नसतात, ती वाहत्या पाण्यात सोडायची. आमच्याकडे आठवड्याचं निर्माल्य साठवून दर रविवारी हे स्कूटरवरनं खाडीवर जायचे, हात जोडायचे आणि पिशवीसकट भिरकावून यायचे. गावात केळीच्या पानातून सोडत असत. इकडे पान कुठलं? पिशवी आली.

वर जाऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "वाहत्या पाण्यात सोडायचं, ते आपण सोडलं. पुढचं देव बघून घेईल गो."

"देव नाही बघत आई, कोळीण बघतेय. पाणी वाहत नाही, आपलं निर्माल्य तिच्या जाळ्यात अडकतंय."

सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे. सासरे गेल्यावर त्या कोकणातल्या घरी एकट्याच राहायच्या. एका उन्हाळ्यात विहिरीपाशी पाय घसरून पडल्या आणि शेजारीण दूध मागायला आली तोपर्यंत, म्हणजे अर्धा दिवस, तशाच पडून राहिल्या. तेव्हा आम्ही त्यांना उचलून डोंबिवलीला आणलं. आल्या खऱ्या, पण रुळल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या नुसत्या फिरत राहायच्या. मग एक दिवस त्यांना इमारतीच्या मागची जागा सापडली. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे आठ-दहा पावलं रुंद मातीची पट्टी होती. तिथे त्यांनी अळू लावलं, गवती चहा लावला, अनंताची फांदी खोचली. दुपारचे साडेचार वाजले की पदर खोचून खाली. दिवे लागायला वर. त्या पट्टीच्या जोरावर त्या आमच्याकडे टिकून होत्या. ते मला कळत होतं, पण मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आमचं तसं फारसं गूळपीठ नव्हतं.

आणि त्या पट्टीवर सोसायटीचा डोळा होता. तिथे सिमेंट करून स्कूटरी लावायच्या, असं सेक्रेटरी काकांच्या मनात होतं. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहायचे, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या पट्टीवर उघडायची. माणूस वाईट नव्हता. पण प्रत्येक वाक्याच्या आधी "नियमानुसार" म्हणायचा.

आमचं महिला मंडळ तोवर हळदीकुंकू आणि कोथिंबीर वडीची स्पर्धा, यापलीकडे गेलेलं नव्हतं. मी सगळ्यांना गोळा केलं, ती लाल पिशवी दाखवली आणि म्हटलं, यंदापासून आपल्या इमारतीचं निर्माल्य खाडीत जाणार नाही. मागच्या पट्टीत खड्डा खणू, त्यात टाकू, त्याचं खत करू. बायका तयार झाल्या. मिटिंगमध्ये सेक्रेटरी काका म्हणाले, "नियमानुसार त्या जागेचा ठराव पार्किंगसाठी आहे, वहिनी. वास आला तर?"

"आला तर सिमेंट ओता, मी स्वतः घमेलं धरते!" मी तावातावाने बोलून गेले. "दिवाळीपर्यंत मुदत द्या. तोपर्यंत खत झालं नाही तर जागा तुमची."

काकांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझी जागा पणाला लावलीस होय?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून बसलेय.

तरी त्या उभ्या राहिल्या. खड्डा कुठे खणायचा ते त्यांनीच दाखवलं, अनंतापासून लांब. फक्त त्यांच्या अटी होत्या. देवाचं फूल आहे, तेव्हा जवळ चपला न्यायच्या नाहीत. पाय लावायचा नाही. त्यात कांदा-लसणीची सालं, खरकटं, भाजीची देठं, काही पडता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तर त्यात काही चूक दिसलीच नाही. कुणालाच दिसली नाही. चोवीस बिऱ्हाडं होती, त्यात दोन शिक्षिका होत्या, एक तर विज्ञान शिकवायची!

मग गणपती आले, आणि काय सांगू, काय मजा आली! फाटकाशी आम्ही पिंप ठेवलं, त्याला रंग दिला, त्यावर झेंडूची माळ घातली. आळीपाळीने दोघी-दोघी उभ्या राहायच्या. विसर्जनाला निघालेल्या मंडळींना अडवायचं आणि म्हणायचं, मूर्ती घेऊन जा, हार-दुर्वा आम्हांला द्या. दीड दिवसाचे गणपती निघाले तेव्हा लोक बिचकत होते. पाच दिवसांचे निघेपर्यंत शेजारच्या इमारती स्वतःहून पिशव्या आणायला लागल्या. गौरींच्या दिवशी तर पलीकडच्या गल्लीतलं मंडळ ढोल वाजवत निर्माल्य घेऊन आलं. त्यांनी आमच्या पिंपापुढे दहा मिनिटं नाचून घेतलं. मीही नाचले. हे बघतच राहिले. अनंत चतुर्दशीला खड्डा काठोकाठ भरला आणि आम्ही बायकांनी गच्चीवर भेळ केली.

एव्हाना त्या खड्ड्याचं वेगळंच काही होऊन बसलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी काठावर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या कुणी उदबत्ती लावली. मग येताजाता लोक नमस्कार करायला लागले. एकदा बाजूच्या इमारतीतल्या आजोबांनी भिंतीवरून नारळ दिला आणि विचारलं, "हे स्थान कुठल्या देवाचं?" मी म्हटलं, "आजोबा, खत आहे ते." त्यांनी कानाला हात लावला, "असं बोलू नये," म्हणाले, आणि नारळ ठेवूनच गेले.

आणि मग पितृपक्षात वास सुटला.

साधासुधा नाही. ओल्या झेंडूचा, दुर्वांचा, पंचामृताच्या उरलेल्या दह्यादुधाचा, कुजलेल्या केळीच्या पानांचा. वर पावसाची एखादी सर येऊन जायची, की दुसऱ्या दिवशी दुप्पट. माश्या घोंगावायला लागल्या. सेक्रेटरी काका आपल्याच घरात नाकाला रुमाल बांधून चहा प्यायचे, आणि मी खिडकीसमोरून गेले की तो रुमाल जरा जास्तच घट्ट करायचे. नमस्कार करणारे लांबून नमस्कार करायला लागले, नाक धरून. काकांनी फळ्यावर सूचना लिहिली. रविवारी मिस्त्री माप घ्यायला येतोय. पितृपक्षात नवीन काम सुरू करायचं नाही, म्हणून सिमेंट घटस्थापनेनंतर.

"दिवाळीपर्यंत बोलणं झालेलं ना काका?" मी विचारलं.

"वास आला तर सिमेंट, असंही बोलणं झालेलं, वहिनी. नियमानुसार तुम्हीच बोललेल्या," असं म्हणून त्यांनी वही दाखवली. होतं लिहिलेलं. घमेल्यासकट.

मी फाटकाशी बसलेल्या मावशीला मागे घेऊन गेले. श्रावण संपून तिची टोपली परत सुरू झाली होती. तिने खड्ड्यात डोकावलं, पदर नाकाला लावला आणि विचारलं, "उलथवला का कधी?"

"नाही."

"माती टाकली? सुका पाला? घरातला काय?"

"नाही गं, देवाचं आहे ना ते. त्यात कसं..."

मावशी हसत सुटली. "मग सडनारच! देव झाला तरी फूल ते फूलच ना ताय. वारा नको त्याला? आत उतरून उलथवायला लागल."

आत उतरून! मी वर आले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या सोवळ्यापायी सगळं सडलं, तुमच्या अटींमुळे माझी शोभा झाली, गावभर हसं झालं. सासूबाई निवडत असलेली भाजी तशीच ठेवून ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "निर्माल्यात पाय? ते माझ्या हातून व्हायचं नाही. कुणाच्या हातून होऊही देणार नाही." मग भाजी पुन्हा पुढे ओढून म्हणाल्या, "सिमेंट झालं की मी गावी जाते. दिवाळीच्या आधीची गाडी बघायला सांग त्याला. इथे बसून आता काय करू?"

खरं सांगते, लग्नानंतरची काही वर्षं अशी होती की हे वाक्य ऐकून मी देवापुढे साखर ठेवली असती. पण त्या वेळी डोळ्यांसमोर आलं ते विहिरीपाशी पडलेलं माणूस. आणि या खेपेला शेजारीण दूध मागायला आली नाही तर? मला माफी मागायची होती. पण माझ्या तोंडून शिव्या जितक्या सहज बाहेर पडतात, तितकी माफी पडत नाही. मी नुसती भाजी निवडायला बसले. आम्ही दोघींनी मिळून ती मेथी निवडली.

रविवारी सकाळी मिस्त्री टेप घेऊन आला. काका, त्यांच्या मिसेस, आमचे हे, मंडळातल्या सात-आठ बायका, सगळे मागे जमलेले. वास होताच. मिस्त्रीने अनंताच्या बुंध्यापाशी टेपचं एक टोक धरायला सांगितलं, आणि ते काकांनी धरलं. मी वर बघितलं, सासूबाई खिडकीत नव्हत्या. बरं झालं, म्हटलं, बघायला नकोच त्यांनी.

त्या जिन्याखालून आल्या. नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, कपाळाला नुकतंच लावलेलं गंध, हातात कुदळ. गावाहून येताना ती कुदळ त्यांनी अंथरुणात गुंडाळून आणली होती, आणि त्यावरून तेव्हा मी त्यांची चेष्टा केली होती. त्या खड्ड्यापाशी गेल्या. चपला काढल्या. खाली वाकून काठाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि सरळ आत उतरल्या. घोट्याच्या वर पाय रुतले.

"अहो आई!" पहिल्या मजल्यावरच्या वहिनी ओरडल्या. "निर्माल्य आहे ते! पाय काय लावताय?"

सासूबाईंनी कुदळ उचलली. "देवाला सांगून आलेय," त्या म्हणाल्या. "तुम्हांला विचारायला नाही आले."

आणि घाव घातला. जे काही वर आलं त्याचं वर्णन मी करत नाही. मिस्त्री टेप सोडून फाटकाकडे पळाला. काका मात्र टेपचं टोक धरून तसेच उभे होते. सासूबाई दुसऱ्या घावाला डगमगल्या, आणि त्यानंतर मी काही विचार केल्याचं मला आठवत नाही. चपला कुठल्या कुठे फेकल्या, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि आत. थंडगार, बुळबुळीत, पायांच्या बोटांतून झेंडू वर येत होता. मला एकदम हसू फुटलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्याही हसल्या. त्या आमच्याकडे आल्यापासून दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, दात दाखवून.

मग काय! शिक्षिकाबाई उतरल्या. वहिनी आधी "शिव शिव" म्हणाल्या आणि मग त्याही उतरल्या. निम्म्या बायका आत, निम्म्या काठावर, हारांचे दोरे ओढून काढताहेत, तारा काढताहेत, पिशव्या काढताहेत. एकीला चांदीची दूर्वा सापडली, तिचीच हरवलेली! हे स्कूटर काढून गेले आणि मानपाड्याच्या एका सुताराच्या कारखान्यातून भुश्याचं पोतं घेऊन आले. रस्त्यावरच्या बदामाच्या झाडाखालची सुकी पानं गोणीने आली. सासूबाई आता हुकूम सोडत होत्या. "भुसा टाक. माती टाक. कांद्याची सालं आहेत का कुणाकडे? आणा. हो, कांद्याची! बघता काय?"

शेवटी काकांच्या मिसेस पुढे आल्या. आयुष्यात त्यांचा आवाज आम्ही फारसा ऐकला नव्हता. त्यांनी नवऱ्याच्या हातातलं टेपचं टोक काढून घेतलं, त्यांच्या हातात घमेलं दिलं आणि म्हणाल्या, "वहीत घमेलं लिहिलंय ना? धरा." काकांनी धरलं. रुमाल नाकावर होता, पण धरलं.

जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही तिथेच. आंघोळीला पाणी पुरेना, सगळ्या इमारतीच्या टाकीतलं पाणी संपलं, तरी कुणी कुरकुर केली नाही. काकांनी संध्याकाळी फळ्यावरची सूचना पुसली आणि तिथे लिहिलं, "दिवाळीपर्यंत." पुढे कंसात "नियमानुसार." ते लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं.

त्यानंतर दर रविवारी उलथवणी. नवरात्रात फुलांचा दुसरा लोंढा आला, पण आता आम्ही शहाण्या झालो होतो. थर घालायचे, भुसा, माती, सालं. पत्र्याचं छप्पर घातलं. उतरण्याआधी सासूबाई दर वेळी काठाला हात लावून नमस्कार करायच्या, आणि मग निःशंक पाय ठेवायच्या. त्यांचं बघून बाकीच्याही तसंच करायला लागल्या. आमच्या इमारतीत अजूनही खड्ड्यात उतरताना बायका नमस्कार करतात, का ते नव्या सुनांना माहीत नाही.

वसुबारसेला आम्ही तळाचं खत चाळलं. काळंभोर, भुसभुशीत. सगळे जमलेले. काकांनी रुमाल काढला, मूठभर खत उचललं, नाकाशी नेलं, एकदा, दोनदा. मग ते म्हणाले, "मला एक डबा मिळेल का? आमच्या खिडकीत गुलाब लावायचा म्हणतेय ही." टाळ्या, शिट्ट्या, काय विचारू नका. कोळीण मावशीला आम्ही एक पिशवी भरून दिली, कापडी. ती म्हणाली, "मी काय करू याचा? मना मासली द्या!" पण घेऊन गेली.

त्या रात्रीच्या जेवणानंतर ह्यांनी खिशातून गाडीचं तिकीट काढून सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आधीच काढलेलं होतं, उद्याचं. मी ताटं उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि कान टवकारून उभी राहिले. 'थांबा' एवढा एक शब्द बोलायला मला काय झालं होतं, देव जाणे.

"अगं ए," बाहेरच्या खोलीतून हाक आली. "इकडे ये. पत्र लिहायचंय."

मी आंतर्देशीय पत्र घेऊन बसले. गावच्या शेजारणीला, जिच्याकडे घराची किल्ली होती तिला. सासूबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेले.

"दिवाळीला येईन म्हणाले होते, ते जमायचं नाही. तुळशीला तूच पाणी घाल. मला इथनं हलायला सवड नाही. सबंध गल्लीचा देव माझ्या गळ्यात पडलाय, आणि सून एकटी उलथवू शकत नाही, तिला कुदळ धरता येत नाही."

"मला येते धरता," मी म्हटलं, आणि मला पुढचं अक्षर दिसेना.

"येत नाही," त्या म्हणाल्या. "शिकवीन. तू लिही."